लांब घराच्या दोन दारांमध्ये

ऑल्बनीहून बफेलोकडे निघालेला आय-90 महामार्ग जवळजवळ तीनशे मैल पश्चिमेला धावतो. आपली मंडळी नायगराला जाताना हाच रस्ता धरतात. सिरॅक्यूजला कॉफी, की पुढे थेट धबधबा. होडिनोशोनी लोकांच्या लेखी मात्र हा सगळा पट्टा एकच घर आहे, झाडाच्या सालींनी शाकारलेलं, पूर्व-पश्चिम पसरलेलं लांब घर. पूर्वेच्या दारावर मोहॉक, पश्चिमेच्या दारावर सेनेका, मधोमध विस्तव राखणारे ओनोंडागा आणि त्यांच्या दोन अंगांना ओनायडा व कायुगा. 1722 च्या सुमारास कॅरोलिनातून हुसकावलेले तस्करोरा आसऱ्याला आले आणि पाचाची सहा राष्ट्रं झाली. बाहेरचे लोक त्यांना इरोक्वॉय म्हणत आले.

एके काळी ही पाच राष्ट्रं एकमेकांच्या जिवावर उठलेली होती. एका माणसाचा बदला दुसरा, दुसऱ्याचा तिसरा, असं पिढ्यान् पिढ्या चालू होतं. ते थांबवून त्यांनी एकत्र बसायची जी रीत घातली, ती ‘महान शांततेचा कायदा’. सूर्यग्रहणाच्या आठवणीवरून काही अभ्यासक तिचा काळ 1142 धरतात, बरेच पुरातत्त्वज्ञ पंधरावं-सोळावं शतक म्हणतात. रीत आजही चालू आहे, आणि मला तेच महत्त्वाचं वाटतं.

माझे बाबा वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावी शिक्षक होते. 2007 साली आर. आर. पाटलांनी महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली, तेव्हा ते गावच्या समितीचे अध्यक्ष झाले. त्या कामाचा त्यांना आजही अभिमान आहे, आणि थोडी खंतही. ते न्यू जर्सीला माझ्याकडे आले होते. 11 नोव्हेंबरला कॅनन्डेग्वा गावात 1794 च्या तहाचा दिवस पाळतात. त्या दिवशी तिथे पोचायचं आणि वाटेत हे घर पूर्वेच्या दारातून शिरून पाहत जायचं, असं आम्ही ठरवलं.

8 नोव्हेंबर: कोहोज, मग ओरिस्कनी

कोहोज हे ऑल्बनीच्या उत्तरेचं गिरणगाव. मोहॉक नदी इथे कड्यावरून खाली पडते. काठावर हार्मनी मिल्सची एकोणिसाव्या शतकातली लाल विटांची अवाढव्य इमारत आहे. धबधब्याचं बरंचसं पाणी वीजघराकडे वळवलेलं असतं, पण पाऊस झाला होता, त्यामुळे कड्याच्या अर्ध्याहून जास्त रुंदीवर पांढरं पाणी होतं. नॉर्थ मोहॉक स्ट्रीटवरून ते समोर दिसतं.

महान शांततेचा कायदा आणणारा शांतिदूत इथेच आला, असं मोहॉक सांगतात. त्याचं खरं नाव सहसा उच्चारत नाहीत, ते विधींपुरतं राखलेलं आहे. तो जन्माने वेंडाट, ओंटारिओ सरोवराच्या उत्तर काठचा. पांढऱ्या दगडाच्या होडीतून तो सरोवर ओलांडून आला आणि मोहॉकांना म्हणाला, मारामारी थांबवा. ते म्हणाले, तुझ्या बोलण्यात बळ आहे कशावरून? कड्याच्या टोकावरच्या झाडावर चढ, आम्ही झाड तोडतो. तो चढला. झाड त्याच्यासकट या पाण्यात कोसळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतात तर काठावरून धूर निघतोय आणि तो विस्तवापाशी बसलाय. कायदा पहिल्यांदा स्वीकारला तो मोहॉकांनी.

बाबा कठड्याला धरून बराच वेळ पाण्याकडे बघत होते. मग म्हणाले, “समजुतीला गेलेल्या माणसाचीच आधी परीक्षा घेतात. आमच्याकडेही तेच. दोन घरांचा बांध मिटवायला गेलो की पहिला प्रश्न, मास्तर, तुमचा यात काय फायदा?”

पुढचा रस्ता नदीच्या काठाकाठाने जातो. पानं झडून गेली होती. निवडणुका नुकत्याच झाल्या होत्या, त्यामुळे घरांपुढच्या गवतात पाट्या अजून रोवलेल्या होत्या. एका घरापुढे या पक्षाच्या, शेजारच्या घरापुढे त्या पक्षाच्या. दोन्हींच्या मध्ये नवं कोरं लाकडी कुंपण.

युटिका आणि रोम यांच्या मध्ये ओरिस्कनीची रणभूमी लागते. मला ही जागा कोहोजपेक्षा जास्त महत्त्वाची वाटत होती. एकीची शिकवण देणाऱ्यांमध्ये दुही कशी शिरली, हे पाहिल्याशिवाय त्या शिकवणीचं मोल कळणार नाही.

1777 चं साल. इंग्रज राजा आणि वसाहतवाले यांचं युद्ध पेटलं होतं आणि दोन्हीकडून होडिनोशोनींवर दबाव येत होता. आधी त्यांनी ठरवलं होतं की हे बापलेकांचं भांडण आहे, आपण पडायचं नाही. पण ओनायडा आणि तस्करोरांचे बरेच जण वसाहतवाल्यांकडे झुकले, मोहॉक आणि सेनेका इंग्रजांकडे. त्याच जानेवारीत ओनोंडागांमध्ये साथ आली आणि नव्वद माणसं गेली. त्यांत तीन प्रमुख सरदार होते. ओनायडांचे लोक जवळच्या किल्ल्यावर निरोप घेऊन आले की परिषदेचा मधला अग्नी विझला आहे. गेलेल्यांचा शोक नीट झाल्याशिवाय, त्यांच्या जागी माणसं उभी केल्याशिवाय परिषद बसू शकत नव्हती. ती बसायला हवी होती, नेमकी तेव्हाच बसली नाही.

6 ऑगस्टला या ओढ्याच्या घळीत वसाहतवाल्यांच्या बाजूच्या निकोलस हर्किमरचे सुमारे आठशे शेतकरी-शिपाई आणि त्यांच्यासोबतचे साठेक ओनायडा फोर्ट स्टॅनविक्सच्या मदतीला निघाले होते. दोन्ही बाजूंच्या झाडीत मोहॉक, सेनेका आणि राजनिष्ठ गोरे दबा धरून होते. एकाच कायद्याखाली बसलेली माणसं पिढ्यांनंतर पुन्हा एकमेकांवर शस्त्र घेऊन धावली. लढाई संपल्यावर ओनायडांचं ओरिस्का गाव जाळण्यात आलं, मग ओनायडांनी मोहॉकांची घरं लुटली. दोन वर्षांनी जॉन सलिव्हनच्या फौजेने कायुगा आणि सेनेकांची चाळीसच्या वर गावं बेचिराख केली आणि 1,60,000 बुशेल मका जाळल्याचा हिशोब दिला. आदेश जॉर्ज वॉशिंग्टनचा होता. त्यांच्या भाषेत त्याचं नाव ‘गावं उद्ध्वस्त करणारा’ असं आहे आणि त्याच्यामागून आलेल्या राष्ट्राध्यक्षांनाही तेच नाव लागतं.

1884 साली उभारलेला दगडी मनोरा दुरून दिसतो. घळीतला ओढा मात्र जवळ जाऊन बघावा लागतो. लहानसा आहे, पावसाळ्यानंतर आमच्या शेताकडेने वाहतो तेवढा. आम्ही खाली उतरलो. तिथे बाबा कमी बोलले आणि मीही.

मुक्कामाला सिरॅक्यूज.

9 नोव्हेंबर: ओनोंडागा सरोवर

सरोवराच्या पूर्वेच्या काठावर, लिव्हरपूल गावात स्कानोन हे महान शांततेच्या कायद्याचं केंद्र आहे. ते 2015 मध्ये सुरू झालं. त्याआधी इथे सतराव्या शतकातल्या फ्रेंच मिशनऱ्यांचं संग्रहालय होतं. म्हणजे त्याच जागेवर आधी पाहुण्यांची गोष्ट सांगत, आता यजमानांची सांगतात. आत शिरताच पहिल्यांदा भेटतं ते आभाराचं भाषण, सगळ्या कामाआधी बोलायचे शब्द. माणसं, पृथ्वी, पाणी, मासे, झाडंझुडपं, पक्षी, वारे, सूर्य, चंद्र, तारे असं एकेकाला धन्यवाद देत जायचं आणि प्रत्येकानंतर म्हणायचं, आता आपली मनं एक झाली. भांडणाचा विषय काढण्याआधी, ज्यावर कुणाचंच दुमत नाही अशा गोष्टी एकत्र मोजून घ्यायच्या. पाण्याबद्दल कृतज्ञ नसलेला माणूस कोण असेल?

मग हायावाथाची, शांतिदूताच्या साथीदाराची गोष्ट. त्याच्या मुली एकामागून एक गेल्या. दुःखाने वेडापिसा होऊन तो रानात निघून गेला. एका तळ्यावर बदकं एकदम उडाली, तळ कोरडा पडला आणि त्याला तिथे शिंपले सापडले. ते ओवून त्याने माळा केल्या आणि स्वतःशीच म्हणू लागला, माझ्यासारखा दुःखी कुणी मला भेटला तर मी या माळा हातात घेऊन त्याचं सांत्वन करेन. लोकांनी त्याच्या शेकोटीचा धूर पाहिला, पण जवळ कुणी आलं नाही. शेवटी शांतिदूत आला. त्याने त्याच माळा उचलल्या आणि हायावाथा स्वतःशी पुटपुटत होता तेच शब्द त्याला ऐकवले. मऊ हरणकातड्याने तुझे डोळे पुसतो, म्हणजे तुला पुन्हा दिसेल. कानात साचलेलं काढतो, म्हणजे ऐकू येईल. घशात अडकलेलं दूर करायला स्वच्छ पाणी देतो, म्हणजे बोलता येईल.

हे तीन शब्द आजही परिषदेआधी, पाहुण्यांना रानाच्या कडेला भेटताना म्हटले जातात. डोळे, कान, घसा. माझ्या मते या लोकांच्या सगळ्या शहाणपणाचा पाया हाच आहे. ज्याच्या घरातलं माणूस गेलंय, ज्याचा अपमान झालाय, ज्याची जमीन गेलीय, त्याला नीट दिसत नाही, ऐकू येत नाही, बोलता येत नाही. त्याला तसाच सभेत बसवून “आता मत द्या” म्हटलं तर त्या मतातून दुहीच निघणार. आपल्याकडे तंटा मिटवताना आधी सात-बारा मागतात. इथे आधी डोळे पुसतात.

केंद्रात हायावाथा पट्ट्याची, म्हणजे पाच राष्ट्रांची एकी दाखवणाऱ्या मण्यांच्या पट्ट्याची प्रतिकृती आहे. मूळ पट्टा 1989 मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या संग्रहालयाने ओनोंडागांना परत केला, इतर अकरा पट्ट्यांसह. या मण्यांना वॅम्पम म्हणतात, ते क्वाहॉग शिंपल्याचे असतात. शिंपल्याच्या कडेला जांभळा रंग असतो तेवढाच भाग कापून, घासून, मधून आरपार भोक पाडून लांबट मणी करायचा. भोक पाडताना शिंपला तडकतो, म्हणून जांभळ्या मण्याला मोल जास्त. सगळा पट्टा जांभळा, त्यावर पांढऱ्यात चार चौकोन आणि मधोमध झाडासारखी एक आकृती, मिळून पाच राष्ट्रं. चौकोन आणि झाड एका पांढऱ्या रेषेने जोडलेले, आणि ती रेषा शेवटच्या चौकोनांपाशी थांबत नाही. दोन्ही टोकांना पट्ट्याच्या कडेपर्यंत जाते. आणखी कुणाला जोडून घ्यायचं असेल तर वाट मोकळी.

बाबांनी तिथल्या बाईंना परिषद चालते कशी ते विचारलं. मी दुभाष्याचं काम केलं. त्या ओनोंडागा होत्या, साठीच्या, आणि त्यांना घाई नव्हती. त्यांनी टेबलावर बोटाने आखून दाखवलं. एकूण पन्नास सरदार: ओनोंडागांचे चौदा, कायुगांचे दहा, मोहॉक आणि ओनायडांचे नऊ-नऊ, सेनेकांचे आठ. मोहॉक आणि सेनेका थोरले भाऊ, ते विस्तवाच्या एका बाजूला. ओनायडा आणि कायुगा धाकटे, ते समोरच्या बाजूला. विषय आधी थोरल्यांकडे जातो. त्यांचं एकमत झालं की विस्तवापलीकडे धाकट्यांकडे. त्यांचंही जुळलं की ओनोंडागांकडे, ते शिक्कामोर्तब करतात. जुळलं नाही तर विषय परत फिरतो. हात वर करून मोजणी नाही. सरदार कमी-जास्त असण्याने म्हणूनच काही बिघडत नाही.

“आणि शेवटपर्यंत जुळलंच नाही तर?” बाबांनी विचारलं.

“मग तो विषय बाजूला ठेवायचा,” त्या म्हणाल्या. “निर्णय नाही झाला तरी चालतं. माणसं तुटलेली चालत नाहीत.”

त्यांनी आणखी एक सांगितलं. अंधार पडल्यावर परिषद चालवायची नाही. दमलेली माणसं चिडतात आणि चिडून बोललेलं मागे घेता येत नाही. बाबांनी हे खिशातल्या वहीत लिहून घेतलं. आमच्या गावच्या सगळ्या बैठका रात्री जेवणं झाल्यावर देवळात होतात आणि निम्म्या भांडणांवर संपतात.

बाहेर सरोवराकाठी बाकावर बसल्यावर बाबांनी मला पूर्वी कधी न सांगितलेली गोष्ट सांगितली. गावाला तंटामुक्तीचं बक्षीस मिळालं, त्या आधीच्या वर्षी ग्रामपंचायत बिनविरोध झाली होती. पेपरात फोटो आला. पण बिनविरोध झाली ती एका भावकीला गप्प बसवून. “मी त्यांच्या घरी गेलो होतो गं. म्हातारी नुसती बघत राहिली. काही बोललीच नाही. आम्ही ते एकमत म्हणून लिहिलं.” आज त्या दोन घरांत बोलणं नाही. बिनविरोध आणि एकमत यांतलं हे अंतर मला इतकं स्पष्ट कुणीच दाखवलं नव्हतं. होडिनोशोनींच्या रीतीत गप्प बसलेला माणूस संमती देणारा धरत नाहीत. त्याचा घसा आधी मोकळा करावा लागतो.

या काठाची सगळ्यात विलक्षण गोष्ट ताडोडाहोची. तो ओनोंडागांचा जुलमी सरदार, अंग वेडंवाकडं झालेलं, केसांत साप. चार राष्ट्रं एकत्र आली तरी हा अडून बसला होता. त्याला मारणं सोपं होतं. पण शांतिदूत आणि हायावाथा गाणं म्हणत त्याच्याकडे गेले, त्याच्या केसांतले साप विंचरून काढले आणि त्यालाच परिषदेचा प्रमुख केलं. सगळ्यांत जास्त विरोध करणाऱ्याच्या हाती विस्तव राखायचं काम! ते पद आजही आहे आणि त्याला ताडोडाहो हेच नाव आहे. मग पांढऱ्या पाइनचं झाड उपटून त्याखाली शस्त्रं टाकली, झाड पुन्हा लावलं, चारी दिशांना पांढरी मुळं गेली आणि शेंड्यावर दूरवर नजर ठेवायला गरुड बसला. पाइनची काडी मी उचलून पाहिली. प्रत्येक झुबक्यात सुया पाच, आणि बुडाशी एकत्र जुळलेल्या.

समोरच्या सरोवराची अवस्था मात्र मन विषण्ण करणारी आहे. 1884 पासून या काठावर सोडा ॲशचे कारखाने उभे राहिले. 1946 ते 1970 या काळात सुमारे 1,65,000 पौंड पारा पाण्यात सोडला गेला. 1940 मध्ये पोहायला बंदी आली, 1970 मध्ये मासेमारीला, आणि 1994 मध्ये सरोवर देशातल्या सर्वांत विषारी जागांच्या यादीत गेलं. पुढे तळाचा गाळ उपसला गेला, पाणी बरंच सुधारलंय. सांडपाणी शुद्धीकरण केंद्राच्या कोमट पाण्याने एक टोक गोठत नाही, म्हणून थंडीत तिथे गरुड जमतात. 2005 मध्ये ओनोंडागांनी जमिनीच्या हक्कासाठी कोर्टात दावा केला, त्याची पहिलीच ओळ सलोख्याबद्दल होती आणि कुणालाही घराबाहेर काढणार नाही असं त्यांनी आधीच जाहीर केलं होतं. दावा फेटाळला गेला. 2024 मध्ये टली खोऱ्यात, सरोवराला मिळणाऱ्या ओढ्याच्या उगमाकडची हजारच्या वर एकर जमीन त्यांना परत मिळाली.

ओनोंडागा राष्ट्राची वस्ती शहराच्या दक्षिणेला आहे. तिथलं लाँगहाऊस बघायला जायची जागा नाही, ते त्यांचं देवघर आणि सभागृह आहे. आम्ही गेलो नाही.

10 नोव्हेंबर: फेएटव्हिल, गॅनॉन्डॅगन

सकाळी फेएटव्हिलला मटिल्डा जोस्लिन गेजचं घर बाहेरून पाहिलं. स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणाऱ्या गेजने होडिनोशोनी बायकांचे हक्क जवळून पाहिले होते. मूल आईच्या कुळाचं, घर बाईचं, सरदार निवडणारी कुळमाता. 1893 मध्ये मोहॉकांच्या लांडगा कुळाने तिला दत्तक घेतलं.

दुपारी पश्चिमेचं दार. व्हिक्टर गावाबाहेरच्या टेकडीवर गॅनॉन्डॅगन आहे, सेनेकांचं सतराव्या शतकातलं मोठं गाव. 1687 मध्ये फ्रेंच गव्हर्नर देनोंव्हिल फौज घेऊन आला आणि गाव, कोठारं, उभं पीक सगळं गेलं. आज गवताळ माळ आहे, पायवाटा आहेत आणि सालीच्या लाँगहाऊसची पूर्ण आकाराची प्रतिकृती. हंगाम संपल्याने ती बंद होती. फटीतून आत बाकांच्या ओळी आणि मधली चुलीची जागा तेवढी दिसली.

जिगोनसासे या बाईचं दफन याच परिसरात झालं, असं सेनेका मानतात. तिचं घर लढाईच्या वाटेवर होतं. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्या टोळ्यांना ती जेवू घालायची, कुणाचा पक्ष न घेता. शांतिदूत तिला म्हणाला, तुझ्या अन्नावर लढाई जगते. ती विचार करत राहिली आणि त्याचं म्हणणं मान्य करणारी पहिली व्यक्ती ठरली, सगळ्या सरदारांच्या आधी. सरदार नेमायचा आणि काढायचा हक्क बायकांकडे आहे तो तिच्यामुळे. सरदाराच्या डोक्यावर हरणाची शिंगं असतात. तो लोकांचं न ऐकता वागू लागला, फूट पाडू लागला, तर कुळमाता त्याला तीनदा समज देते आणि तरी सुधारला नाही तर शिंगं उतरवते. त्याची कातडी सात वितींची जाड असावी, असंही कायदा सांगतो. म्हणजे राग, टीका, कुचाळक्या आतपर्यंत पोचू नयेत.

कुचाळक्यांचा विषय त्यांच्याकडे फार गांभीर्याने घेतात. 1799 मध्ये हँडसम लेक या सेनेका पुरुषाला दृष्टांत झाले, तेव्हा युद्ध, दारू आणि जमिनी गेल्याने लोक खचले होते. त्याच्या शिकवणीत दारूइतकाच जोर चहाड्या आणि निंदा सोडण्यावर आहे. ती अजूनही लाँगहाऊसमध्ये सांगितली जाते.

हे सगळं सांगून मी त्यांच्यात फूट पडलीच नाही असं भासवलं तर ते खोटं होईल. अमेरिकी क्रांतियुद्धानंतर परिषदेचा एक विस्तव बफेलो क्रीकला पेटला, दुसरा कॅनडात ग्रँड नदीकाठी. नंतर पहिला ओनोंडागाला परतला, पण दुसरा तिथेच राहिला आणि आजही दोन परिषदा आहेत. 1848 मध्ये सेनेकांच्या मोठ्या गटाने सरदारांची पद्धत सोडून निवडणूक स्वीकारली. 1924 मध्ये ग्रँड नदीवर कॅनडा सरकारने पोलीस पाठवून सरदारांची परिषद बंद केली आणि निवडलेली परिषद लादली. 1990 मध्ये अक्वेसास्नीत मोहॉक मोहॉकांविरुद्ध उभे राहिले, कारण जुगाराचे अड्डे. दोन माणसं मारली गेली. बाहेरून लादलेली दुही आणि आतून पेटलेली दुही यांची मिसळ झाली की कुठली कोणती हे त्यांनाही सांगता येत नाही.

त्यांनी टाकून दिली नाही ती ही रीत. दोन्ही विस्तवांपाशी सरदारांची तीच पन्नास नावं चालतात.

11 नोव्हेंबर: कॅनन्डेग्वा

पाऊस नव्हता, वारा होता. ऑन्टारिओ काउंटीच्या सोनेरी घुमटाच्या कोर्टासमोर एक मोठा दगड आहे, तहाचा दगड. दुपारी तिथे माणसं जमू लागली, रिबनचे शर्ट घातलेली, डोक्यावर पिसांच्या टोप्या असलेली, अंगावर पार्का चढवलेली, बाबागाड्या ढकलणारी. आजूबाजूच्या गावातले गोरे लोकही बरेच होते. याच इमारतीत 1873 मध्ये सुझन बी. अँथनीवर बाई असून मत दिल्याबद्दल खटला चालला आणि तिला शंभर डॉलर दंड झाला. तो तिने कधीच भरला नाही. आणि त्याच्या एकोणऐंशी वर्षं आधी याच गावात जे सरदार तहाला बसले, त्यांना बायकांनी निवडलेलं होतं.

1794 मध्ये वॉशिंग्टनच्या वतीने टिमथी पिकरिंग आला होता. तहात लिहिलं की सेनेका, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा यांच्या जमिनीवर अमेरिका हक्क सांगणार नाही, आणि दरवर्षी 4,500 डॉलरचा माल दिला जाईल. त्या मालाचं कापड आजही येतं. रोख घ्या म्हणून सरकारने सुचवूनही त्यांनी कापडाचाच आग्रह धरला, कारण कापड येत राहिलं म्हणजे तह जिवंत आहे. वाटणीला माणशी अगदी थोडं येतं. एका बाईंनी आम्हाला त्यांच्याकडची पांढरी मलमल दाखवली. बाबांनी दोन बोटांत धरून पाहिली. साधं विरळ विणीचं कापड, कडेला धागे सुटलेले.

तह पाळला गेलाच असं नाही. 1960 च्या दशकात किनझुआ धरण बांधताना सेनेकांची सुमारे दहा हजार एकर जमीन पाण्याखाली गेली आणि सहाशेच्या आसपास लोक विस्थापित झाले. बाबांच्या वर्गात वारणेचे धरणग्रस्त मुलगे होते, त्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही.

कार्यक्रम सुरू झाला तो आभारांच्या भाषणाने, सेनेका भाषेत. म्हणणारा तिशीतला तरुण होता. प्रत्येक टप्प्यानंतर जमलेले होडिनोशोनी एका सुरात छोटासा हुंकार देत. बाबांना भाषा कळत नव्हती, पण तिसऱ्या-चौथ्या खेपेपासून तेही हुंकार द्यायला लागले, कीर्तनात देतात तसे.

त्यानंतर वक्ते बोलले. कुणीही दुसऱ्याला मध्ये तोडलं नाही. एकाने सरकारवर कडक टीका केली, पुढच्याने शेजारच्या गावांचे आभार मानले, आणि दोन्ही सारख्याच शांतपणे ऐकून घेतलं गेलं. 1744 मध्ये ओनोंडागांचा कॅनासाटेगो लँकस्टरच्या सभेत वसाहतींना म्हणाला होता की तुम्हीही आमच्यासारखी एकी करा. 1988 मध्ये अमेरिकी काँग्रेसने ठराव करून आपल्या राज्यघटनेवरचं हे ऋण मान्य केलं. ते किती, यावर इतिहासकार वाद घालतात. त्या अंगणात उभं राहून मला वाटलं, ऋण मानलं पण ऐकण्याची पद्धत घेतली नाही.

नंतर जेवणाला आम्हालाही बोलावलं. पांढऱ्या मक्याचं सूप होतं. मका आधी लाकडाच्या राखेच्या पाण्यात उकडून त्याची सालं काढतात, मग दाणा टपोरा फुलतो. सोबत घेवड्याचे दाणे आणि डुकराचं मांस होतं. बाबांना माळकरी म्हणून मांसाचं चालत नाही, तर त्यांच्यासाठी एका आजींनी नुसत्या मका-घेवड्याची वाटी काढली.

त्या आजी ग्रँड नदीकडून आल्या होत्या, म्हणजे दुसऱ्या विस्तवाकडून. बाबांनी सरळ विचारलं की दोन विस्तव कधी एक होतील का. त्या म्हणाल्या, “कधी ते आमच्या हातात नाही. कायदा म्हणून दाखवायचा असतो तेव्हा दोन्हीकडची माणसं येतात.” पूर्ण कायदा म्हणायला कित्येक दिवस लागतात. सकाळी बसायचं, अंधार पडण्याआधी उठायचं, दुसऱ्या दिवशी पुढचं. मुलं खेळत असतात, स्वयंपाक चालू असतो, ज्याच्या कानावर जितकं पडेल तितकं.

“म्हणजे पारायण,” बाबा मला म्हणाले.

मी आजींना पारायण म्हणजे काय ते सांगितलं. आमच्या गावी ज्ञानेश्वरीचं सात दिवसांचं असतं, भांडणारी दोन्ही घरं वेगवेगळ्या रांगांत का होईना पण येऊन बसतात, हेही सांगितलं. त्यांनी विचारलं, मग सातव्या दिवशी ती एका रांगेत येतात का? बाबा म्हणाले, जेवायला येतात. आजी म्हणाल्या, मग सुरुवात झालेलीच आहे.

परतीच्या रस्त्यावर, बिंगहॅम्टनच्या आसपास, झोपले असतील असं मी समजत होते तेव्हा बाबांनी विचारलं, “पुढचं पारायण कुठे आहे, विचारून घेतलंस का त्यांना?”

विचारून घेतलं होतं. जागा ठरली की कळवते म्हणाल्या.